ड्रायव्हरपुढची काच

"मास्तर अजून हयात आहेत का हो?"

बाईंनी सहज विचारलं, पण डेपोसमोरच्या चहाच्या दुकानात एकदम अशी शांतता पसरली की उकळत्या किटलीलाही वाटलं असावं, आपण जरा बेतानं घ्यावं. माझा कप ओठाशी थांबला. दुकानवाल्याने फडकं उचललं आणि नुकतंच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला घेतलं. बाईंच्या अगदी शेजारी बसलेल्या बोळ्याने बशीतला चहा फुंकायला सुरुवात केली. चहा केव्हाच गार झाला होता.

"कोण मास्तर?" मी म्हटलं.

"काचांच्या संपाचे पुढारी. पलीकडच्या लोकांनी या डेपोत संप केला होता ना? मी त्यावरच संशोधन करते आहे."

मग बाईंनी आपलं काम समजावून सांगितलं. लोक निषेध कसा करतात, वर्णभेद कुठेकुठे मुरलेला असतो, आणि माणूस 'आम्ही अमुक लोक' असं कधीपासून म्हणायला लागतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होत्या आणि आता पुस्तक लिहायचं होतं.

"असं होय," दुकानवाला म्हणाला. "आणि हे सगळं लिहून कुणाकडे द्यायचं असतं?"

"कुणाकडेच नाही. लोकांनी वाचायचं."

कुणालाच द्यायचं नसताना इतके प्रश्न विचारणारं माणूस आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. तिथेच आमची खात्री पटली की बाई पोलिसांची.

आता थोडं मागे जायला हवं. आम्ही पलीकडचे. आमचे आजे नदीपलीकडून कामासाठी इकडे आले, आमचे बाप इकडे जन्मले, आम्ही तर इकडच्याच मातीत लोळून मोठे झालो, तरी नाव पलीकडचेच राहिलं. रंग जरा गडद, नाकं जरा बसकी, आणि बोलण्याला एक हेल. एवढ्या भांडवलावर डेपोत आम्हाला एकच काम मिळायचं, बस धुण्याचं. ड्रायव्हर इकडचा, कंडक्टर इकडचा. आमच्यातल्या एकाने कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "प्रवाशांना तुमच्या हातून तिकीट घ्यायला आवडणार नाही." जणू आमच्या हाताचा रंग तिकिटाला लागतो! तसा लागत असता तर आमच्या हातून धुतलेल्या सगळ्या बस एव्हाना काळ्या ठिक्कर झाल्या नसत्या का?

त्या धुणाऱ्यांत मी होतो, आताचा दुकानवाला होता आणि बोळा होता. वर्तमानपत्राचा बोळा करून काच पुसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव. शिवाय दिसायचाही तसाच. कुणीतरी चुरगळून टाकल्यासारखा. बोलणं म्हणाल तर, तोंड उघडायच्या आधी हा माणूस परवानगी मागतोय की काय असं वाटायचं.

एक दिवस याच बोळ्याने ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज दिला. मॅनेजरने तो वाचलाही नाही. "ड्रायव्हरची जागा तुमची नाही," एवढंच म्हणाला. बोळा धुण्याच्या ओट्यावर परत आला, नळ सोडला, आणि बराच वेळ नुसतं पाणी वाहू दिलं. मग म्हणाला, "जागा आपली नाही, तर त्या जागेपुढची काच तरी आपली कशी?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बस अशा धुतल्या की नवरीने तोंड पाहून कुंकू लावावं. छप्पर, चाकं, सीटांखालच्या फटी, सगळं लख्ख. फक्त ड्रायव्हरपुढच्या काचेला कुणी हात लावला नाही. धूळ, चिखल, मेलेले किडे, सगळं जसंच्या तसं. मॅनेजर ओरडला, "काच पुसा!" आम्ही अदबीने म्हटलं, "साहेब, ती जागा आमची नाही." मग तो ड्रायव्हरांवर ओरडला, "तुम्ही पुसा!" ते तर जास्तच भडकले. काच पुसणं हे पलीकडच्यांचं काम, आम्ही काय फडकी घ्यायची हातात? झालं. स्वच्छ बस, आंधळ्या बस, जागच्या जागी उभ्या. सारं शहर पायी चालायला लागलं. एका श्रीमंत बाईने त्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःचे पाय पाहिले, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो.

शेवटी मॅनेजरने एका ड्रायव्हरला दमात घेऊन तशीच बस बाहेर काढायला लावली. बस फाटकावर आदळली. फाटक खाली आलं, आणि त्याखाली वॉचमनचा पाय आला.

मग पोलीस आले. "तुमचा पुढारी कोण?"

आमच्या लोकांची एक रीत आहे. इकडच्या माणसाने काहीही विचारलं की आधी खोटं सांगायचं, मग त्याचा चेहरा बघायचा, आणि खरं सांगायचं की नाही ते नंतर ठरवायचं. वेळ विचारली तरी हेच. त्याप्रमाणे बोळ्याने आदल्या दिवशीच आम्हाला पढवून ठेवलं होतं. "सगळ्यांनी एकच सांगायचं. पुढारी मास्तर. उंच आहेत. कुठे राहतात ठाऊक नाही. याच्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही."

पण तोंडाला कुलूप लावायचं तर किल्ली आमच्याकडे कुठे होती? कुणी मास्तरांना दाढी दिली, कुणी चष्मा दिला. एकाने त्यांना तीन भाषा शिकवल्या. मीही गरिबाचा खारीचा वाटा उचलला, पण त्याचं एवढं काही नाही. पोलीस गावोगाव उंच माणसं धरत फिरले. मास्तर काही सापडले नाहीत. पुढे जागा खुल्या झाल्या, आमची पोरं कंडक्टर झाली, ड्रायव्हर झाली, आणि मास्तर मात्र दर वर्षी उंच होत गेले. वॉचमनच्या पायाची तक्रार पोलिसांत तशीच पडून राहिली. असले कागद मरत नाहीत, झोपतात.

आता कळलं ना, त्या बाईंच्या एका प्रश्नाने किटली का दचकली?

तेवढ्यात समोरच्या थांब्यावर बस येऊन लागली. बोळा लगबगीने उठला. काखेतलं वर्तमानपत्र काढून त्याचा बोळा केला, बंपरवर चढला आणि बसची पुढची काच पुसायला लागला. हे त्याचं रोजचंच. ड्रायव्हरच्या खिडकीतून त्याची मुलगी वाकली. संपाच्या वेळी ती रांगत होती.

"बाबा! किती वेळा सांगायचं? डेपोत मशीन आहे आता धुवायला. लोक बघतात."

"एक डाग राहिला होता गं."

"राहू दे डाग. उतरा बघू खाली."

बाई जवळ गेल्या आणि त्यांनी मुलीलाही तेच विचारलं. मुलीचा चेहरा उजळला. "मास्तर? अहो, ते नसते तर मी या जागेवर बसले असते का? लहानपणी मी झोपायचे ती त्यांच्या गोष्टी ऐकून. काय डोकं असेल त्या माणसाचं!"

"आणि तुमचे वडील होते का त्या संपात?"

"बाबा?" मुलगी हसली. मायेने हसली, ते सांगितलंच पाहिजे. "बाबांचं काय घेऊन बसलात. सगळे काचा सोडून बसले होते तेव्हासुद्धा हे लपूनछपून पुसत असतील!"

दुकानातले सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने बोळा हसला.

त्या संध्याकाळी बोळ्याच्या घरात भांडी जरा जोरात वाजत होती. आमच्या दोन घरांत भिंत एकच, आणि तीही इतकी पातळ की त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर माझी बायको 'सांभाळा' म्हणायची. मी कान लावला नव्हता. कान तिथे होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" वहिनी म्हणत होत्या. "ती बाई मास्तर शोधतेय आणि मास्तर तिच्या शेजारी बसून चहा फुंकतोय. सांगा तिला. निदान पोरीला तरी सांगा."

"पोरीला काय सांगू? लहान होती तेव्हा शाळेत बोलून जाईल म्हणून नाही सांगितलं. नंतर... तिचं त्या मास्तरांवर केवढं प्रेम. ते तिच्याकडून काढून घ्यायचं आणि त्या जागी काय ठेवायचं? मला?"

पलीकडे भांडी वाजायची थांबली.

"शिवाय ती बाई पोलिसांची असली तर?" बोळा म्हणाला. "पोरगी ड्रायव्हर आहे सरकारी डेपोत. बापावर खटला उभा राहिला तर?"

बाई पोलिसांची आहे, याबद्दल आमच्यात पैजा लागायच्या थांबल्या, कारण उलट बाजूने पैज घ्यायला कुणी तयार नव्हतं. पुरावे ढीगभर. तिचे बूट पावसातही वाजायचे नाहीत. तिच्याजवळ बोलणं साठवणारं एक छोटं मशीन होतं. ती दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडायची नाही, आणि असं चांगलं वळण सरकारी पगाराशिवाय लागत नाही, असं दुकानवाल्याचं मत. वर ती स्वतः इकडची. नाक सरळ.

म्हणून आम्ही तिला रीतीप्रमाणे वागवलं. दुकानवाल्याने मास्तरांना अविवाहित ठेवलं, तर आमच्यातल्याच, पुढे मेकॅनिक झालेल्या एकाने त्यांचं दोनदा लग्न लावलं. मी तिला सांगितलं की पोलीस मागे लागले तेव्हा नदीला पूर आला होता आणि मास्तर एका बसच्या टपावर बसून नदीपार गेले, बस तरंगत होती आणि टपावरून ते लोकांना हात करत होते. बाईंनी पापणीही न लववता विचारलं, "कोणत्या मार्गाची बस, काका?" मी चमकलो. असा प्रश्न फक्त पोलीस विचारतात. नाहीतर मग गोष्टी सांगणारे.

पण ती येतच राहिली. ऋतू पालटला, तरी यायची. हळूहळू लोक तिला खुर्ची पुसून द्यायला लागले, आणि मग एकेकटे तिच्याशी बोलायलाही लागले. दुकान बंद करताना, बसची वाट बघताना, हलक्या आवाजात. काय बोलायचे ते पुढे कळलं.

एका रविवारी दुपारी वहिनींनी भिंतीवर थाप मारली. "भावजी, इकडे या. साक्षीला."

मी गेलो. खोलीत बाई बसल्या होत्या, मशीन टेबलावर. मुलगी दुपारच्या पाळीला निघायच्या गडबडीत केस बांधत होती. बोळा खुर्चीच्या कडेवर असा बसला होता, जसं काही खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी आहे.

"बोला," वहिनी म्हणाल्या.

बोळा बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होतो. नळाचं वाहतं पाणी, काचेची कल्पना, उंच मास्तर. शेवटी म्हणाला, "मास्तर असा कुणी नव्हताच, बाई. ते मीच काढलेलं होतं. संप माझा."

मुलीच्या हातातला कंगवा थांबला. "बाबा, तुम्ही पण?"

तिच्या 'तुम्ही पण'चा अर्थ मला लागला नाही. बाईंना लागला. त्या खाली बघत हळूच म्हणाल्या, "याआधी तिघांनी मला हेच सांगितलंय. एकट्यात गाठून. मास्तर म्हणजे आपणच, म्हणून."

"कोण तिघं?" वहिनी ताडकन उठल्या. "नावं सांगा मला त्यांची!"

"नावं नाही सांगता येणार. शब्द दिलाय मी."

एवढं बोलून बाईंनी खोलीतल्या प्रत्येक वस्तूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फार काळजीपूर्वक पाहायचं टाळलं.

"दुकानवाल्याने तर मलाही सांगितलं होतं गेल्या आठवड्यात," मुलगी म्हणाली. "कुणाला सांगू नकोस म्हणाला. मला हसू आवरेना."

"भावजी, तुम्ही बोला आता!" वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो की. अगदी खरं आहे, बाई. हाच तो. आईशपथ."

"काका," बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "टपावरून नदीपार गेलेले मास्तर सांगताना तुम्ही आईशपथच घेतली होतीत."

माणसाने आयुष्यभर थापा माराव्यात, त्याला माझी काही हरकत नाही. पण एखाद्या दिवसासाठी एक शपथ शिल्लक ठेवावी. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की त्या भिंतीपलीकडच्या माझ्या बायकोलाही ते लागलं असेल.

"मला वाटतं," बाई म्हणाल्या, "तुम्ही कुणीच खोटं बोलत नाही आहात. संप सगळ्यांचा होता. म्हणून प्रत्येकाला वाटतं की—"

"बरोबर आहे," बोळा मधेच म्हणाला. "संप सगळ्यांचाच. तसंच लिहा. ते बरं." आणि उठता उठता पुन्हा बसला. "फक्त एक विचारायचं होतं. ते जे तिघं म्हणाले, त्यांच्यातलं कुणी वॉचमनबद्दल काही बोललं का?"

"कोण वॉचमन?"

"फाटकावरचा. त्याचा पाय गेला. काच पुसू नका असं मी सांगितलं म्हणून ती बस तशीच बाहेर गेली. मॅनेजरने काढायला लावली हे खरं, पण काच मळलेली ठेवली ती माझ्या शब्दावर. मी त्याच्या घरापर्यंत कितीदा गेलो. दारावर थाप मारायची हिंमत झाली नाही. तो वारला तेव्हाही बाहेरच उभा होतो. संप सगळ्यांचा होता, बाई, पण तो पाय माझ्या नावावर लिहा."

मग बाईंनी हात पुढे केला आणि मशीन बंद केलं.

आता यात मला काय दिसतं ते सांगतो. पोलिसांची बाई असती तर तिने नेमकं तेव्हा मशीन चालू ठेवलं असतं. आणि पुस्तकवाली बाई असती तरीही चालूच ठेवलं असतं. मग बंद का केलं? बोळ्यावर विश्वास बसला म्हणून, की बसला नाही म्हणून? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, पण ती बाई आमच्याकडूनच बरंच काही शिकली होती. चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. "येते," म्हणाली, आणि बूट न वाजवता गेली.

मुलीने कंगवा ठेवला. बापाकडे एकदा बघितलं, आणि पाळीला निघून गेली. जाताना दरवाजा फार हळू लावला.

पुस्तक निघालं. माझ्या नातीने मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की काचांच्या संपाला कुणी एक पुढारी नव्हता, मास्तर ही त्या लोकांनी मिळून रचलेली एक ढाल होती, आणि म्हणूनच पोलिसांना ती फोडता आली नाही. नदी, पूर आणि टप यांना आख्खं एक पान मिळालंय. बोळ्याचा त्यात शब्द नाही. वॉचमनचाही नाही. पोलीस काही आले नाहीत. बाईंनी त्याला वाचवलं की वगळलं, हे मला आजही कळलेलं नाही, आणि मला कळलं नाही अशी गोष्ट या शहरात क्वचितच असते. मला त्या बाईचा संशय अजून येतो. फक्त आता कशाचा येतो ते नीट सांगता येत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारनंतरची सकाळ सांगायची राहिली.

आम्ही नेहमीसारखे दुकानात बसलो होतो. दुकानवाल्याशी वहिनींनी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे चहा जरा पातळ आला होता. बस थांब्यावर येऊन लागली. पुढच्या काचेवर धुळीचा थर होता. डेपोचं मशीन बिघडलं होतं का, ते मला माहीत नाही. बोळा उठेल म्हणून मी पाय आवरून घेतले. तो उठला नाही. वर्तमानपत्र काखेत, हात गुडघ्यांवर, बसून राहिला.

बस सुटेना. आतले प्रवासी माना लांब करून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "अहो ड्रायव्हर, उशीर होतोय!"

मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. मुलगी खाली उतरली, रस्ता ओलांडून आली, आणि बापाच्या काखेतून वर्तमानपत्र काढून घेतलं. पान फाडलं. बोळा केला. आणि भर रस्त्यात, सगळ्या प्रवाशांदेखत, गणवेशाची बाही वर सारून ड्रायव्हरने आपली काच पुसायला घेतली.

मी बोळ्याकडे पाहिलं. त्याचा चहा गार होत होता.

पोरीला पुसायची सवय नव्हती. कडेला एक लांब रेघ राहिली, ती इथूनही दिसत होती. बोळ्याचा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला. मग त्याने तो परत खाली ठेवला.